काकांची पारवा शेड

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी माझं नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, रात्री किती वाजता येणार हेही विचारलं नाही. ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीत बसून ते स्वेटर विणत होते. सुया न थांबवता त्यांनी विचारलं, "गाव कुठलं?"

"देवळा."

सुया थांबल्या. "म्हणजे कांद्याची सालं मिळतील."

मिळतील, असं मी म्हटलं आणि पंचवटीतली ती वरची खोली मला मिळाली. अट एकच होती. गावाला गेलं की येताना सालं आणायची, लाल कांद्याची एका पोत्यात, उन्हाळीची दुसऱ्या, आणि दोन्ही एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत. मी हे वडिलांना सांगितलं तेव्हा ते कांदाचाळीपाशी बसून कांदा निवडत होते. त्यांनी मान वर केली. "कांदा टाकीसन फोलपटं मांगस? येडा शे का तुना घरमालक?" तरी त्यांनी दोन्ही पोती भरून दिली. एसटीच्या टपावर पोती चढवताना कंडक्टरने एकात हात घालून पाहिलं, दुसऱ्यात हात घालून पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. पुढची सगळी वर्षं त्या गाडीला मी सालंवाली ताई म्हणूनच माहीत होते.

हे नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचं. मी एका स्थानिक दैनिकाच्या पुरवणीत उपसंपादक होते. काका एका मोठ्या छापखान्याच्या शाई खात्यातून निवृत्त झाले होते. तिथे त्यांचं काम बघणं हे होतं. छापलेला कागद त्यांच्यासमोर धरायचा, त्यांनी बघायचं, आणि "हो" किंवा "नाही" म्हणायचं. सगळी नोकरी त्यांनी या दोन शब्दांवर काढली होती आणि घरीही ते दोन्ही शब्द त्याच आवाजात वापरत. एकदा म्हणे साहेबांपासून मशीनवाल्यापर्यंत सगळे हो म्हणत असताना काकांनी एका हिरव्याला "नाही" म्हणून छपाई थांबवली. साहेब संतापले. चौकशी झाली तेव्हा शाईचा डबाच चुकीचा निघाला. ही गोष्ट ते प्रत्येक नव्या भाडेकरूला सांगत आणि शेवटी म्हणत, "बाकी आयुष्यात पुष्कळ चुकलो. शेड कधी चुकली नाही."

"त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे," काकू आतून म्हणत.

विणायला त्यांना काकूंनीच शिकवलं. हौसेने नाही, नाइलाजाने. निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने काका भिंतीकडे बघत बसून होते. नंतर ते उठले आणि स्वयंपाकघरात शिरले. मसाल्याचे डबे त्यांनी फिक्याकडून गडदाकडे असे लावले. तिखटाची तीन वेगळी भांडी केली, कारण तिन्ही तिखटं त्यांच्या मते वेगळी होती. "एक दिवस आमटीला फोडणी घालत होते," काकू मला सांगत होत्या, "तर मागून म्हणाले, हळद अजून अर्धी शेड. त्याच दिवशी मी माझ्या सुया त्यांच्या हातात दिल्या." काकूंनी स्वतः विणणं सोडून दिलं. घरात दोन माणसं विणायला लागली तर आमटी कोण करणार, असं त्यांचं म्हणणं होतं.

काकांचे टाके यंत्रासारखे एकसारखे पडत, पण त्यांचा जीव विणण्यात नव्हता, रंगवण्यात होता. बाजारातून कच्ची पांढरी लोकर आणायची, तिच्या लडी करायच्या, तुरटीच्या पाण्यात उकळायच्या आणि मागच्या अंगणात रंगवायच्या. कांद्याच्या सालांचा पिवळा आणि तांबूस, डाळिंबाच्या सालींचा, देवळातून उतरलेल्या झेंडूचा, मंजिष्ठेचा लाल. आणि कोपऱ्यात निळीचं पिंप. त्यात नीळ, चुना आणि गूळ आंबत असे, आणि त्याच्या वासामुळे मी अंगणाकडची खिडकी वर्षाचे बारा महिने बंद ठेवत असे. पण त्या पिंपातून लोकर बाहेर काढली की ती हिरवी असायची आणि बघता बघता हवेने निळी व्हायची. ते बघायला मी नाक दाबून खाली जात असे. काका तेव्हा कोणाशी बोलत नसत. लड दोरीवर टाकून दोन पावलं मागे सरत, मान किंचित कलती करत आणि "हो" म्हणत. "नाही" म्हटलं की लड पुन्हा पिंपात.

रंगाला नेमकं नाव हवं हा त्यांचा हट्ट होता. निळसर, पिवळट, लालसर असले शब्द त्यांना शिवीसारखे लागत. "निळसर म्हणजे काय? सोमवारसर असतं का कधी?" मोतिया, अबोली, डाळिंबी, आमसुली, राखी अशी नावं ते माणसांची ओळख करून द्यावी तशी सांगत. सगळ्यांत लाडका पारवा. "पारवा म्हणजे कबुतराच्या अंगाचा करडा. त्यात निळ्याचा नुसता वास पाहिजे. दिसला की गेला." माझ्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला पारवा स्वेटर दिला. मागितला नव्हता. त्यांनी जिन्यात मला थांबवलं, बराच वेळ बघितलं, "पारवा," असं म्हणाले आणि निघून गेले. महिन्याभराने स्वेटर दाराच्या कडीला अडकवलेला होता. इतका शांत रंग मी अंगावर कधी घातला नव्हता. तो स्वेटर अजून माझ्याकडे आहे.

गल्लीत सगळ्यांना असेच स्वेटर मिळत. थंडीत कुडकुडणारा माणूस दिसला की काका त्याला उभा करून बघत. दूधवाल्याला मोतिया मिळाला, कोपऱ्यावरच्या फुलवालीला अबोली. नको म्हणायची सोय नव्हती, कारण ते विचारतच नसत.

पुरवणीतलं "नवी घडी" हे फॅशनचं पान माझ्याकडे होतं. तोपर्यंत हे पान मुंबईहून तयार येई. त्यातल्या बायका समुद्रकिनाऱ्यावर असत. संपादकांना एकदा वाटलं की नाशिकच्या पानावर नाशिकचं काहीतरी असावं, आणि ते काहीतरी म्हणजे मी करायचं. माझे मॉडेल म्हणजे जाहिरात विभागातल्या साहेबांची भाची आणि तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणी. फोटोग्राफर आयुष्यभर पासपोर्टचे फोटो काढलेला, त्यामुळे कुठल्याही पोझमध्ये तो "हनुवटी खाली, कान दिसू द्या" म्हणायचा. कपडे, दागिने, जागा, सगळं ठरवणारी मी. मुंबईत याला स्टायलिस्ट म्हणतात हे मला पुष्कळ नंतर कळलं. आमच्याकडे याला "तू बघून घे" म्हणत.

दिवाळीनंतरच्या थंडीचं पान दिवाळीआधी तयार लागतं. म्हणजे स्वेटरचे फोटो ऑक्टोबरच्या उन्हात. मी काकांचे स्वेटर मागितले. काका म्हणाले, "थंडी वाजत नसलेल्या माणसाला स्वेटर घालायचा?" मी म्हटलं, फोटोपुरता. ते विचार करून म्हणाले की स्वेटरबरोबर तेही येतील.

आम्ही एका द्राक्षबागेत गेलो. भाचीने लोकरीचा स्वेटर घातला आणि तिला दरदरून घाम फुटला. काका पंचा घेऊन शेजारी उभे. दर फोटोआधी पुढे होऊन तिची मान टिपत. तिला वाटलं किती मायाळू आजोबा आहेत. "घामाने शेड मरते," असं काकांनी सांगितल्यावर तिचं तोंड उतरलं. तिला मी उन्हात उभी केली की काका तिला दंडाला धरून सावलीत नेत, कारण उन्हात रंग खोटा दिसतो. सावलीत गेली की फोटोग्राफर तिला उन्हात आणी. दुपारपर्यंत भाची द्राक्षाच्या एका मांडवाखालून दुसऱ्या मांडवाखाली एवढंच करत होती. फोटो मात्र सुंदर आले. पानाचं कौतुक झालं आणि पुढची सगळी वर्षं हिवाळ्याचं पहिलं पान काकांच्या स्वेटरांचं हे ठरूनच गेलं.

नंतर कधीतरी नीळ बिघडली. म्हणजे काका तसं म्हणायला लागले. "पूर्वी दोन बुड्यांत पारवा यायचा. आता सहा मारल्या तरी चढत नाही. भेसळ." मग त्यांनी पाण्याला दोष दिला, मग अंगणातल्या दिव्याला. सालंही आता जास्त लागत. मोतियाला पूर्वी मूठभर पुरायची, आता पातेलंभर. "देवळ्याच्या कांद्यात दम राहिला नाही," ते मला म्हणाले आणि मी गावाहून जास्तीची पोती आणू लागले.

त्या वर्षी मला दिलेल्या दुसऱ्या स्वेटरकडे मी दारात उभी राहून पाहत राहिले. काका म्हणाले होते पारवा. तो रेशनच्या रॉकेलसारखा निळा होता. काकूंसाठी त्यांनी मोतिया विणला होता. मोतिया म्हणजे मोत्याचा, जेमतेम पांढऱ्याच्या खालचा. काकूंचा स्वेटर रिक्षाच्या टपासारखा पिवळाधमक होता.

काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता आणि त्यांना सगळं जग पिवळ्या काचेतून दिसत होतं, हे कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती. पण डोळे दाखवा म्हटलं की ते म्हणत, "डोळा हे माझं मशीन आहे. चालू मशीन कोणी उघडत नाही." काकूंचे डोळे त्यांच्याआधी पिकले आणि काकू मुकाट्याने ऑपरेशन करून आल्या. काळा चष्मा उतरवायची परवानगी मिळाली त्या सकाळी मी अंगणात होते. काकूंनी चष्मा काढला. दोरीवर वाळणाऱ्या लडींकडे पाहिलं. मग स्वतःच्या अंगावरच्या स्वेटरकडे पाहिलं. मग त्या आत गेल्या आणि चहा टाकला.

मी मागोमाग गेले. "सांगायचं का काकांना?"

"नाही," काकू म्हणाल्या. हा "नाही" काकांच्या "नाही"सारखाच होता. "छापखान्यातून घरी आले तेव्हा सहा महिने त्या भिंतीकडे बघत होते. जेवायला हाक मारली तर उठायचे, नाही मारली तर नाही. मला तो माणूस पुन्हा घरात नको आहे. पिवळा चालेल."

गल्लीला सांगावंच लागलं नाही. असले नवे स्वेटर मिळाले तरी गल्ली आपणहून गप्प होती. दूधवाला मला म्हणाला, "ताई, रंग लय भडक हाय, पन बोलनार कोन? ते म्हनले मोतिया, आपन म्हनलं मोतिया." फुलवाली दिवसभर खऱ्या अबोलीच्या वेण्या विकत बसायची, भाजलेल्या विटेच्या रंगाचा स्वेटर घालून. काका जाताना थांबून दोन्हीकडे पाहत आणि म्हणत, "अगदी एक शेड." ती म्हणे, "व्हय काका."

घोळ माझ्याच पानाने झाला. त्या हिवाळ्यात आमचं पान पहिल्यांदा पूर्ण रंगीत छापलं गेलं. फोटो ओळी लिहिणारा मुलगा नवीन होता. त्याने जे दिसलं ते लिहिलं. "मोरपंखी निळ्याचा आणि हळदी पिवळ्याचा धाडसी मेळ!" सकाळी सात वाजता काका अंक घेऊन माझ्या दारात उभे होते. फोटोबद्दल तक्रार नव्हती, फोटो त्यांना झकास वाटला. तक्रार ओळींची होती.

"मोरपंखी? हा मोरपंखी आहे?"

"काका, तो मुलगा नवीन आहे."

"नवीन आहे म्हणून रंग बदलतो का? शुद्धिपत्र छापा."

मी शुद्धिपत्र लिहिलं. "गेल्या अंकातील छायाचित्रातील स्वेटरचा रंग मोरपंखी नसून पारवा, तसेच हळदी नसून मोतिया आहे." संपादकांनी ते वाचलं आणि शेजारी अंक ठेवून पुन्हा वाचलं.

"हा तर निळाच आहे."

"हो."

"मग हे कोणाचं म्हणणं?"

"माझ्या घरमालकांचं."

संपादक स्वतः वीस वर्षं भाड्याच्या घरात राहत होते. "छापा," ते म्हणाले.

वाचकांची पत्रं आली. एकाने विचारलं की फोटोचंही शुद्धिपत्र येणार आहे का. काकांनी ती सगळी पत्रं माझ्याकडून मागून घेऊन वाचली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लोकांना शेड बघायला शिकवलं पाहिजे. प्रदर्शन भरवू. माझ्या खात्यातल्या सगळ्यांना बोलावतो. ते सांगतील."

मला घाम फुटला, आणि तो ऑक्टोबरही नव्हता. आयुष्यभर ज्यांच्यासमोर हा माणूस "शेड चुकली नाही" म्हणून ताठ उभा राहिला, त्या शाई खात्यासमोर तो रॉकेल टांगून त्याला पारवा म्हणणार होता. मी काकूंकडे गेले. निदान रंगांच्या नावांच्या चिठ्ठ्या तरी नको लावायला, असं सुचवलं. काकू तांदूळ निवडत होत्या. "चिठ्ठ्यांशिवाय त्यांनी काय दाखवायचं? लोकर?" त्या म्हणाल्या. पण त्यांचा हात थांबला होता आणि त्या घाबरल्या आहेत हे मला दिसत होतं.

एका वाचनालयाचा वरचा हॉल मिळाला. मांडणी माझी. बांबू टांगून त्यावर स्वेटर लावले, खाली वाळलेली डाळिंबं, झेंडू आणि दोन्ही जातीच्या कांद्याच्या सालांच्या परड्या ठेवल्या. मेन रोडच्या एका साडीवाल्याकडून पुतळे आणले. त्या पुतळ्यांचे हात हळदीकुंकवाला पुढे केल्यासारखे होते. स्वेटर घालून त्या सगळ्या बायका वाणाची वाट बघत उभ्या आहेत असं वाटायचं. प्रत्येकीच्या पायाशी काकांच्या सुरेख अक्षरातली चिठ्ठी होती. पारवा. मोतिया. अबोली. राखी. मी माझ्या अकलेने ट्यूबलाइट बंद करून सगळीकडे पिवळे बल्ब लावले होते. पिवळ्या उजेडात निळा जरा मरतो आणि पिवळा जरा पांढरा पडतो. काका आत आले, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाले, "उजेड चांगला आहे."

साडेदहाला वीज गेली. वाचनालयाच्या शिपायाने तत्परतेने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. जानेवारीचं स्वच्छ ऊन आत आलं आणि सगळे पुतळे भडकून उठले. कॉलेजची मुलं एकेक चिठ्ठी वाचत होती आणि एकमेकांना कोपराने ढोसत होती. एक मुलगी ओढणी तोंडावर धरून मागे वळली. काका खिडकीपाशी हात मागे बांधून उभे होते. हसू त्यांच्या कानावर गेलं असावं, कारण त्यांनी मान वळवली.

नेमकं तेव्हाच शाई खातं आलं. नाशिकरोडहून बसने सगळे एकत्र. सहा-सात म्हातारे, मफलर, जाड भिंगाचे चष्मे, दोघांच्या हातात काठ्या. त्यांच्यातले सर्वांत ज्येष्ठ पारव्यासमोर जाऊन उभे राहिले. दोन पावलं मागे सरले. मान कलती केली. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"हो," ते म्हणाले.

दुसऱ्यांनी वाकून पाहिलं. "हो."

"शंभर टक्के पारवा."

"शंभर नाही," काठीवाले म्हणाले. "किंचित राखीकडे झुकलाय."

"झुकलेला नाही. तुमचा चष्मा झुकलाय."

त्या ढळढळीत निळ्या स्वेटरपुढे उभं राहून, तो करड्याकडे जास्त आहे की कमी, यावर त्या मंडळींचा अर्धा तास वाद झाला. शेवटी मोतियापाशी सगळ्यांचं एकमत झालं की इतका नाजूक रंग हल्ली बघायला मिळत नाही. सगळे एकाच वयाचे होते. एवढे म्हातारे एवढ्या ठामपणे बोलतात म्हटल्यावर मुलांचं हसू ओसरलं. एक चित्रकलेचे मास्तर पारव्यासमोर मान इकडून तिकडे करत राहिले आणि म्हणाले, "हं, आता दिसतोय." बाहेर जाणाऱ्या बायका आपसात "पारवा, पारवा" म्हणत होत्या. त्या वर्षी रविवार कारंज्याजवळच्या दुकानांत रॉकेली निळी लोकर पारवा म्हणून विकली जात होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घरी येताना काका रिक्षात ताठ बसले होते. काकू खिडकीतून बाहेर बघत हसत होत्या आणि मधेच डोळे पुसत होत्या.

काकांना डॉक्टरकडे नेलं ते सुटलेल्या टाक्यांनी. विणीतली भोकं बोटांना लागायला लागली. टाका सुटणं ही शेडची बाब नव्हती, म्हणून ते कबूल करायला त्यांची हरकत नव्हती. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं काही महिन्यांनी करू, असं ठरलं.

घरी येऊन पट्टी काढली तेव्हा काकू समोर चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. अंगात मोतिया. काका बघत राहिले. मग त्यांनी उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिलं. मग डावा मिटून उजव्याने. असं कितीतरी वेळ चाललं होतं.

"हा मी केला?"

"हो."

"हा घालून तू भाच्याच्या लग्नाला गेलीस?"

"रिसेप्शनलासुद्धा."

मग सावकाश म्हणाले, "तुझं ऑपरेशन माझ्या आधी झालंय. तुला दिसत होतं."

"दिसत होतं."

"मग घातलास कशाला?"

"तुम्ही विणला होता म्हणून," काकू म्हणाल्या. "चहा गार होतोय."

दुसऱ्या दिवशी काका पिशवी घेऊन गल्लीत निघाले. सगळे स्वेटर परत आणून काळ्यात बुडवून टाकायचे होते. दूधवाल्याने ऐकलंच नाही. "नाय काका. धुक्यात ट्रकवाले मला लांबूनच बघत्यात. पांढरा घातला तर दूध कंचं आन मी कंचा, कळायचं नाय." फुलवालीने पदर खोचला. "तुमी अबोली म्हनला, मी कवा म्हनलं का नाय? आता तुमी नाय म्हनता, तर मी काय करू? स्वेटर माझा हाय." काका रिकामी पिशवी घेऊन परतले. घरी काकूंनी मोतियाला हात लावू दिला नाही.

त्या हिवाळ्यात सुया खिळ्याला टांगलेल्याच राहिल्या. अंगणातलं पिंप कोरडं पडलं आणि माझी खिडकी उघडी राहू लागली. वास नव्हता आणि मला त्या वासाची इतकी आठवण यायची की स्वतःचाच राग येई. काका वेताच्या खुर्चीत बसून भिंतीकडे बघत. भिंत आता त्यांना स्वच्छ दिसत होती, एवढाच फरक. काकू हाक मारत तेव्हा ते जेवायला उठत. माझं पान पुन्हा मुंबईहून येऊ लागलं, त्यात समुद्र होता. काकू माझ्याशी याबद्दल एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "मीच तो स्वेटर त्या दिवशी काढून ठेवायला हवा होता."

पुढच्या वर्षी मला पुण्याला नोकरी लागली. नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. जाण्याआधी मी एकदा देवळ्याला गेले आणि येताना दोन्ही पोती आणली. कंडक्टरने न विचारता टपावर चढवली. ओसरीवर काकांच्या पुढ्यात पोती ठेवून मी म्हटलं, "काका, पुण्यात थंडी असते. मला स्वेटर पाहिजे."

त्यांच्याकडे आजवर कोणी स्वतःसाठी स्वेटर मागितला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठल्या शेडचा?"

"पारवा."

ते थोडा वेळ पोत्याच्या तोंडाची सुतळी चाचपत राहिले. "माझा की खरा?"

"खरा आहे माझ्याकडे," मी म्हटलं. "तुमचा पाहिजे."

आतून भांड्याचा आवाज येत होता तो थांबला. काका उठले. पिंप धुतलं, नीळ भिजवली, गूळ फोडला. पुढच्या आठवड्यात अंगणात पुन्हा तो वास सुटला. मी नाक न दाबता खाली गेले. काकू मागच्या दारात उभ्या होत्या, अंगात मोतिया. काकांनी लड पिंपातून उचलली, ती हिरवी होती, हवेने निळी झाली. रेशनच्या रॉकेलसारखी. त्यांनी ती दोरीवर टाकली आणि दोन पावलं मागे सरले.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन तोवर दोनदा पुढे गेलं होतं. कारण विचारलं की ते सांगत नसत. काकांनी तळहाताने आपला उजवा, नवा डोळा झाकला, मान किंचित कलती केली आणि डाव्याने त्या लडीकडे बघत राहिले.

"नाही," ते म्हणाले. "अजून एक बुडी लागेल."

आणि लड त्यांनी पुन्हा पिंपात सोडली.